उचल आणि सूक्ष्मकर्ज : पनवेल परिसरातील कातकरी समाजाच्या संदर्भात एक चिकित्सा

सूक्ष्मवित्तविषयक लेखनात एक गृहीतक इतक्या सहजतेने वावरते की त्याची तपासणी क्वचितच होते. गरिबाजवळ तारण नसते, म्हणून त्याला कोणी कर्ज देत नाही. ते मिळाले तर तो स्वतःच्या उद्यमशीलतेवर उभा राहील, असे हे गृहीतक होय. पनवेल तालुक्यात प्रबळगड-कर्नाळ्याच्या पायथ्याशी विखुरलेल्या कातकरी वाड्यांना ते लावून पाहिले तर पहिल्याच पायरीवर अडखळते. कातकऱ्याला कर्ज पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. तेही विनातारण, विनाकागद आणि घरपोच. त्या कर्जाचे नाव ‘उचल’.

भातलावणी आटोपली की कापणीपर्यंत भूमिहीन कुटुंबाच्या हाती रोख पैसा येत नाही. नेमक्या याच दिवसांत वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि रक्कम हातावर ठेवतो. दिवाळीनंतर कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडाशी परतते. मधल्या काळात आठवड्याला केवळ खर्ची मिळते; उरलेली मजुरी उचलीत वळती होते आणि हिशेब मालकाच्या वहीत राहतो. अंगावर बाकी निघाली तर पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. या व्यवहारात व्याजाचा दर कोठे लिहिलेला नसतो, तो मजुरीच्या दरात मुरलेला असतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीच्या कर्जाच्या परतफेडीचे दायित्वच रद्द केले. परंतु ज्याला पुढच्या भाद्रपदात पुन्हा त्याच मुकादमाकडे हात पसरावा लागणार, त्याला हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही.

या पार्श्वभूमीवर मुहम्मद युनुस यांच्या जोब्रा गावातील मूळ कथेकडे पुन्हा पाहणे उद्‌बोधक ठरते. १९७६ मध्ये त्यांनी ४२ जणांना मिळून सुमारे २७ डॉलर दिले, हा तपशील सर्वत्र उद्धृत होतो. त्यामागचा व्यवहार मात्र दुर्लक्षित राहतो. बांबूची मोढे विणणाऱ्या स्त्रीला बांबूसाठी पैसे मिळतच होते. ते देणारा व्यापारी तयार मोढा आपल्यालाच, आपण ठरवू त्या भावाने विकावा अशी अट घालीत असे. युनुस यांच्या रकमेने तोडली ती ही अट. १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली, २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा विचार जगभर गेला. प्रवासात अट मागे पडली व ‘पैशाचा अभाव’ एवढेच निदान शिल्लक राहिले.

मोढे विणणारीकडे विकण्यासाठी वस्तू होती. कातकरी कुटुंब एका हंगामाचे श्रम विकते, आणि तेही आगाऊ. सूक्ष्मवित्ताची घडण त्याला अनुकूल नाही. साप्ताहिक वा मासिक हप्ता रोख मिळकत गृहीत धरतो, गटाची बैठक कायम वास्तव्य गृहीत धरते. सहा महिने भट्टीवर असणारीचा हप्ता संयुक्त हमीमुळे इतरांवर येणार, तेव्हा तिला गटाबाहेर ठेवणे हे गटाच्या दृष्टीने शहाणपणच होय. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गटांपासून सुरू केलेली बँक-जोडणी बचतीला अग्रक्रम देते, म्हणून ती अधिक मानवी आहे. पण नियमित बचतीची अट तिच्यातही आहेच.

आंध्र प्रदेशातील २०१० च्या पेचप्रसंगानंतर टीकेचा सर्व रोख व्याजदर आणि वसुलीतील दांडगाई यांवर राहिला. तो रास्त होता, पण अपुरा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त ठरते आणि परतफेडीचा एकूण भार मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. ज्याचे उत्पन्न मिळण्यापूर्वीच खर्ची पडले आहे त्याचे ५० टक्के कशाचे काढावयाचे? उचल कोणत्याही पतमाहिती संस्थेच्या नोंदीत दिसत नाही. हैदराबादसह सहा ठिकाणच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सूक्ष्मकर्जाने गरिबांचे जीवन पालटते असा पुरावा त्यांत आढळला नाही. या निष्कर्षाने झालेला अपेक्षाभंग मूळ निदानातच पेरलेला होता.

राज्य शासनाच्या जुन्या खावटी कर्ज योजनेची या चर्चेत कोणी दखल घेत नाही. थकबाकीमुळे ती फसलेली योजना म्हणून ओळखली गेली. ‘खावटी’ हे उपभोगाचे कर्ज, उत्पादक नव्हे, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. तो पुस्तकी आहे. पावसाळ्यात घरात तांदूळ असला तर मुकादमाला नकार देता येतो, निदान दर वाढवून मागता येतो. शेळी वा शिवणयंत्राच्या कर्जाने हे साधत नाही. वसुलीच्या कसोटीवर नापास झालेली ही योजना मुकादमाशी स्पर्धा करू शकेल अशा महिन्यांसाठी आखलेली होती, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि महिना कागदावर अचूक असून भागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कर्जाऐवजी प्रतिकुटुंब ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले : निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपात. उचलीपुढे रक्कम तोकडीच होती. वाटप २०२१ मध्ये लांबले आणि दरम्यान भट्ट्यांचा एक संपूर्ण हंगाम उलटून गेला.