नानांचा चेहरा, मॅलेटचं चित्र

शनिवारवाडा आतून कसा दिसायचा, याचं उत्तर म्हणून सोशल मीडियावर एक तैलचित्र हमखास फिरतं. खांबांचा भव्य दिवाणखाना, पांढरे अंगरखे आणि पगड्यांची दाटी, गादीवर सवाई माधवराव, शेजारी नाना फडणवीस आणि समोर इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. प्रसंग 1790 चा. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी एकत्र आले, त्या तहाचा. खाली कॉमेंट ठरलेली: 'बघा आपलं वैभव!'

मला हे चित्र आवडतं. पण तो फोटो नाही, हे एकदा नीट सांगायला हवं.

चित्रकार थॉमस डॅनियल. तह झाला त्या वर्षी तो उत्तर हिंदुस्थानात फिरत होता, म्हणजे दरबारात नव्हताच. ज्याच्या रेखाटनांवर त्याने काम केलं तो जेम्स वेल्सही नव्हता; वेल्स मुंबईला पोचला 1791 मध्ये आणि पुण्याला त्याच्या पुढच्या वर्षी. मॅलेटच्या आश्रयाने त्याने पेशवे, नाना, महादजी यांना समोर बसवून चित्रं काढली. 1795 मध्ये साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढताना तो आजारी पडला आणि वारला. दरबाराचं चित्र राहून गेलं. मग मॅलेटने ते सगळं साहित्य इंग्लंडात डॅनियलकडे दिलं आणि 1805 मध्ये चित्र पूर्ण झालं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकाने डेटा गोळा केला, दुसऱ्याने पंधरा वर्षांनी तो रेंडर केला आणि रिक्वायरमेंट लिहिली क्लायंटने. क्लायंट स्वतःच चित्रात आहे, तेही अगदी मोक्याच्या जागी.

आता ती पंधरा वर्षं बघा. 1795 मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या गच्चीवरून पडून गेले, वय अवघं एकवीस. 1800 मध्ये नाना गेले. 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, 1803 मध्ये असई आणि लासवारी झाली. म्हणजे लंडनमध्ये रंग वाळत होता तेव्हा ज्या राज्याशी बरोबरीने तह झाल्याचं चित्र दाखवतं, ते राज्य कंपनीच्या मुठीत जात होतं. मॅलेट सर झालेला, निवृत्त झालेला. त्याच्यासाठी हे चित्र म्हणजे आयुष्यातल्या सर्वात मोठ्या प्रोजेक्टचं प्रोफाइल पेज. वैभव पेशव्यांचं खरं, पण ते वापरलंय मॅलेटचा मोठेपणा मोजायला. दरबार जितका भव्य, तितका तो पटवणारा वकील हुशार.

एवढं सगळं माहीत असूनही मी झूम करून नानांपाशीच थांबतो. गर्दीतले बाकीचे चेहरे डॅनियलने भरल्यासारखे वाटतात. नाना तसे वाटत नाहीत. त्याचं श्रेय मी वेल्सला देतो. त्याचं 1792 चं माधवराव आणि नानांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, ते शेजारी उघडून बघा. माणूस म्हणून नाना तिथे जास्त भेटतात. सडपातळ बांधा, लांबट चेहरा, आणि शेजारच्या तरुण पेशव्याच्या थाटापुढे फार काही मिरवायची इच्छा नसलेला वेष. राज्य कोण चालवतंय ते मात्र लगेच कळतं.

आपल्या पिढीला नाना दोनच ठिकाणी भेटलेत. एक, शाळेत, साडेतीन शहाण्यांमधला अर्धा, कारण तलवार चालवत नव्हते म्हणून. दुसरे, तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मधले, 1972 पासून मोहन आगाश्यांच्या देहबोलीत अडकलेले. नाटक म्हणून ते थोर आहे, पण नाना म्हटलं की आता डोळ्यांपुढे तेच उभे राहतात. वेल्सचे नाना या दोन्हींत बसत नाहीत. ते हिशेब तपासत बसलेल्या थकलेल्या कारभाऱ्यासारखे दिसतात, आणि मला तेच खरे वाटतात.

आमच्या विंझरात, राजगडाच्या वाटेवरच्या गावात, घरोघरी महाराजांची तसबीर आहे. नानांची एकाही घरात पाहिली नाही आणि त्यात नवल नाही. कारभाऱ्याची तसबीर कोण लावतो? म्हणूनच गंमत वाटते की त्यांचा चेहरा टिकला तो परक्या वकिलाच्या पैशामुळे.

मॅलेट आणि वेल्सच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यातच चित्रशाळा निघाली होती आणि गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार तिथे शिकला. त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वाडा 1828 च्या आगीत गेला. पुढच्या वेळी कुणी 'आपलं वैभव' म्हणून डॅनियलचा दिवाणखाना पाठवला, तर मी उलट गंगारामचं एखादं रेखाटन पाठवणार आहे. तो निदान त्या वाड्यात बसून शिकला होता.