वारसा आणि उपकर : मुंबईतील जुन्या इमारतींची दोन वाचने

वास्तुवारशाच्या जतनाकडे मराठीत प्रामुख्याने सौंदर्यदृष्टीने पाहिले जाते. जुनी इमारत ही शहराची स्मृती होय, हे विधान सर्वमान्य आहे. परंतु ती आधी कोणाचे तरी घर असते, ही बाब या चर्चेत मागे पडते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात या उणिवेचा परामर्श घेतला आहे.

जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात जुन्या इमारतींची आर्थिक बाजू मांडली. नव्या बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागतो. म्हणून लहान, अनिश्चित व्यवसाय जुन्या जागेतच तग धरतो, हा त्या मांडणीचा गाभा. त्यांना संग्रहालयी वास्तूंपेक्षा साध्या, प्रसंगी मोडकळीस आलेल्या इमारती अभिप्रेत होत्या. (जतनाचा पुरस्कार करणारे हा भाग सोयीस्करपणे गाळतात.) अमेरिकेने १९७६ पासून करसवलतीचा मार्ग धरला. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या मान्यताप्राप्त नूतनीकरणावर खर्चाच्या २० टक्के रक्कम तेथे करातून वजा मिळते. लाभ दुरुस्ती करणाऱ्यास मिळतो.

मुंबईत नेमके उलटे घडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतांश भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. टंचाईच्या त्या काळात हे संरक्षण आवश्यकच होते. गिरगाव-लालबागचा श्रमिक व मध्यमवर्ग त्यामुळेच शहराच्या मध्यभागी टिकला. परंतु भाडे गोठले तरी चुना, लाकूड व मजुरीचे दर गोठले नाहीत. मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. नवागतास ही स्वस्ताई पागडी मोजल्याविना लाभत नव्हती. जेकब्स यांची स्वस्त जुनी जागा मुंबईत होती, पण तिचे दार आतून बंद होते. अखेर १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी मंडळ नेमले आणि उपकर बसविला. सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या.

१९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि मुंबईतील जुन्या बांधकामांची दुसरी यादी अस्तित्वात आली. एकच इमारत दोन्ही याद्यांत असू शकते. वारसा यादी तिचे सज्जे आणि कोरीव कठडे पाहते; उपकराची यादी कुजलेली तुळई पाहते. आत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र दोन्ही वाचनांचे परिणाम एकदम भोगावे लागतात. २०१८ मध्ये ‘युनेस्को’ने व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा दर्जा दिला. ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्हच्या निवासी इमारती त्यात आहेत, चाळ नाही.

आर्थिक पारडेही असमान आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र दिले. वारसा इमारतीच्या मालकासाठी विकास हक्क हस्तांतरणाची तरतूद आहे, पण तो हक्क मालकाचा. भाडेकरूच्या जिन्याशी त्याचा संबंध दूरचा. जमिनीचे भाव पाहता, पाडण्याचा मोबदला जपण्याच्या मोबदल्यावर मात करतो, यात नवल नाही.

तथापि जतनाच्या बाजूने सरसकट कौल देणेही योग्य ठरणार नाही. १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींत एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालय होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. चाळीतील सहजीवनाचे गोडवे गाणाऱ्या लेखनाने ही तफावत क्वचितच हिशेबात धरली आहे. जतनवाद्यांपाशी याला एकच व्यवहार्य उत्तर संभवते : इमारत राखून दोन-तीन खोल्यांचे एक घर करावे व शौचालय आत आणावे. असे केल्यास निम्म्याहून अधिक कुटुंबांसाठी जवळच दुसरी जागा लागेल, आणि ती कोणत्या जमिनीवर द्यायची, हा प्रश्न वारसा समितीच्या अधिकारकक्षेत येत नाही.