‘समान पाया’ आणि बुडालेली रोजी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 याच्या एकविसाव्या कलमाचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. शारीरिक आजारास ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर तो मानसिक आजारासही मिळावा, असे ते सांगते. परंतु हा पाया कोणता, हे कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही.

तो पाया रुग्णालयातील खाटेचा आहे. आयुष्मान भारत योजनेत (2018) मानसिक विकारांचा समावेश आहे. मात्र संरक्षण प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णास असून, घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी ते संपते. मोडलेल्या हाडास हा हिशेब बहुतांशी पुरतो. स्किझोफ्रेनियाचे औषध वर्षानुवर्षे चालावयाचे असते.

सिंदी (रेल्वे) येथील एखादा शेतमजूर घ्या. सरकारी रुग्णालयात औषध मिळते हे खरे. पण त्यासाठी वर्ध्यास किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जावयाचे, तर सोबतीस घरचे माणूस हवे. कापूस वेचणीच्या दिवसांत एका फेरीत दोघांची रोजी बुडते. (गाडी वेळेवर आली तरी!) या रोजीला विम्यात नाव नाही. गंमत अशी, की मानसिक आजाराची व्याख्या करताना जीवनाच्या नित्य गरजा पेलण्याची क्षमता ढासळणे हे लक्षण याच अधिनियमाने मानले आहे. व्याख्येत ओळखलेले नुकसान विम्याच्या कलमाशी येईपर्यंत नाहीसे होते.

या बाबतीत 1948 च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना अधिक जाणती म्हणावी लागेल. तिच्यातील विस्तारित आजारलाभाच्या यादीत मनोविकृती आहे, व वेतनाच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी आधीची दोन वर्षे अखंड नोकरी हवी. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात, नोकरी लागते न लागते तोच, डोके वर काढतो. अखंड नोकरी ही तो सर्वांत आधी मोडतो. शेतमजूर तर या योजनेच्या बाहेरच आहे.

शेतमजुरांचा विमा चालविणे अव्यवहार्य आहे, हा आक्षेप निदान वर्धा जिल्ह्यात तरी कोणी घेऊ नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने 1980 च्या दशकात आसपासच्या गावांसाठी आरोग्यविमा चालविला, तेव्हा वर्गणी ऐपतीप्रमाणे, सुगीच्या वेळी, ज्वारीच्या रूपाने घेतली जात असे.