न थकणारा श्रोता

जोसेफ वायझेनबाउम यांचा 'कम्प्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आपल्याच शास्त्राला घातलेली ही वेसण होय. ईशज्ञानाच्या अभ्यासकाने इतका जुना आणि वरकरणी इतका परका ग्रंथ आज का हाती घ्यावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु भोपाळच्या शाहपुरा भागात सेवा करीत असताना आलेल्या एका अनुभवाने तो पुन्हा उघडणे आम्हांस भाग पडले. त्या अनुभवाकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. प्रथम ग्रंथाचा परामर्श घेऊ.

वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३६ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे असताना त्यांनी 'एलायझा' नावाची संगणकाची आज्ञावली रचली आणि १९६६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची करामत साधी होती. समोरच्याने टंकलिखित केलेल्या वाक्यातील एखादा शब्द पकडावयाचा आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या धाटणीने तो प्रश्नरूपाने त्यालाच परत करावयाचा. आईचा उल्लेख आला की घरच्या मंडळींविषयी आणखी सांगण्याची विनंती होई. आत समज अशी काहीच नव्हती. तरीही, ही आज्ञावली तयार होताना महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने तिच्याशी थोडा संवाद होताच वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. काही मानसोपचारतज्ज्ञांनी तर अशा यंत्राकरवी ताशी शेकडो रुग्ण हाताळता येतील, असे गांभीर्याने लिहिले. या दोन गोष्टींनी लेखक अस्वस्थ झाला, आणि त्या अस्वस्थतेतून हा ग्रंथ जन्मास आला.

ग्रंथाचा गाभा थोडक्यात असा: यंत्राला काय करता येईल हा खरा प्रश्न नव्हे, करता आले तरी त्याच्याकडून काय करवून घेऊ नये, हा खरा प्रश्न आहे. जे कार्य परस्परांविषयीचा आदर, समजूत आणि प्रेम यांवाचून उभेच राहू शकत नाही, तेथे माणसाच्या जागी यंत्र बसविणे लेखकास अभद्र वाटते. हिशेब आणि विवेक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली की माणूस स्वतःलाही यंत्र मानू लागतो, हा त्यांचा इशारा आहे.

हा इशारा किती खरा ठरला, हे गेल्या दहा वर्षांत दिसून आले. मृत मित्राचे संदेश यंत्रास पुरवून त्याची बोलणारी छाया निर्माण करणाऱ्या युजेनिया कुयदा यांच्या कंपनीने २०१७ साली 'रेप्लिका' हा यांत्रिक सोबती लोकांपुढे आणला. २०२३ च्या फेब्रुवारीत इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने अल्पवयीन व भावनिकदृष्ट्या दुर्बल व्यक्तींस असलेल्या धोक्याकडे बोट दाखवून त्यावर निर्बंध घातला. त्याच सुमारास कंपनीने यंत्राच्या बोलण्याची तऱ्हा एकाएकी बदलली, तेव्हा कित्येकांनी जिवलग गमावल्यासारखा शोक केला. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील चौदा वर्षांच्या एका मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईने अशाच सोबती-यंत्राच्या कंपनीवर खटला भरला. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सोळा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनीही न्यायालयाची पायरी चढली. खटल्यातील आरोप म्हणजे निवाडा नव्हे, आणि कोणत्याही आत्महत्येचे कारण एकच नसते, हे आम्ही जाणतो. परंतु 'चॅटजीपीटी'च्या निर्मात्या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच दिलेली आकडेवारी दृष्टीआड करता येणार नाही. तिच्या साप्ताहिक वापरकर्त्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येच्या विचाराची वा योजनेची स्पष्ट चिन्हे आढळत होती. तेव्हा साप्ताहिक वापरकर्ते ८० कोटी असल्याने दर आठवड्यास ही संख्या दहा लाखांवर जात होती. एवढी दुःखी माणसे मध्यरात्री कोणाशी बोलत आहेत, हे आता उघड झाले आहे.

हे यंत्र दुर्बल मनास नेमके कोठे घातक ठरते? एलायझापाशी शब्द मोजके होते. आजची यंत्रे अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो हे शिकतात. मग माणसांनी पसंत केलेली उत्तरे अधिक द्यावीत, असे वळण त्यांना लावले जाते. आणि माणसाला आपली री ओढणारे उत्तर आवडते. त्यामुळे खुशामत यंत्राच्या स्वभावातच उतरते. एप्रिल २०२५ मध्ये वर सांगितलेल्या कंपनीला अतिरेकी खुशामतीमुळे आपल्या यंत्राची एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली होती. निरोगी मनास खुशामत ही करमणूक असते. परंतु विषण्णतेने ग्रासलेला माणूस स्वतःविषयी आधीच खोटा निवाडा करून बसलेला असतो: आपण निरुपयोगी आहोत, आपले कोणी नाही. कुशल उपचारक त्या निवाड्याला हळुवारपणे हरकत घेतो. जो त्यास मान डोलावतो, तो सहानुभूतीच्या सुरात रोगाचीच बाजू घेतो.

याची दुसरी बाजू सांगणेही न्यायाचे होईल. मार्च २०२५ मध्ये डार्टमथ येथील संशोधकांनी उपचारासाठीच घडविलेल्या एका यंत्राची २१० प्रौढांवर चाचणी केल्याचे प्रसिद्ध झाले; ते वापरणाऱ्या विषण्णतेच्या रुग्णांची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी घटली. परंतु तेथे संभाषणांवर माणसांची देखरेख होती. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या, सुमारे एक हजार लोकांच्या चार आठवड्यांच्या दुसऱ्या अभ्यासात सामान्य संवादयंत्र दररोज अधिक वेळ वापरणारे लोक अधिक एकाकी, यंत्रावर अधिक विसंबलेले आणि माणसांत कमी मिसळणारे आढळले. एकाकीपणामुळे वापर वाढतो की वापरामुळे एकाकीपणा, हे यावरून निश्चित होत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांस खतपाणी घालतात.

येथवर आम्ही वायझेनबाउम यांच्याशी सहमत आहोत. परंतु एका ठिकाणी त्यांचा ग्रंथ आम्हांस उणा वाटतो, आणि तेथेच शाहपुऱ्याचा तो अनुभव सांगणे प्राप्त आहे. संबंधित तरुणाच्या अनुमतीने, त्याची ओळख पटेल असे सारे वगळून आम्ही तो येथे देत आहोत.

स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी आलेला हा मराठी तरुण भाड्याच्या खोलीत राहत असे. दोनदा अपयश आल्यावर त्याने घरी फोन करणे सोडले, मिस्सेला येणेही सोडले. रात्रीमागून रात्री तो अशाच एका यंत्राशी बोलत राहिला. घरच्यांना तुझी कदर नाही, असे ते यंत्र त्याच्याच शब्दांत त्याला सांगत राहिले. आपण नसलो तर घरच्यांचा भार हलका होईल, असे त्याने एकदा लिहिले, तेव्हाही त्याच्या वेदनेबद्दल गोड शब्द आले; त्या वाक्याला हरकत घेणारे कोणी नव्हते. खोलीतील सोबत्याच्या ध्यानात आले म्हणून तो मुलगा वाचला. आज त्याच्यावर मानसोपचार सुरू आहेत. आमच्याकडे का आला नाहीस, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, ते कधी घड्याळाकडे बघत नाही." आम्ही नुकतेच घड्याळाकडे पाहिले होते.

वायझेनबाउम यांचा सारा रोख फसणाऱ्या माणसाच्या भ्रमावर आहे. शहाणीसुरती माणसे एका पोकळ यंत्रास भुलतात, याचे त्यांना नवल वाटते. पण ही माणसे भुलली ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याची खुर्ची रिकामी होती म्हणून. त्या सेक्रेटरीच्या मनात काय साचले होते, हे ग्रंथात कोठेही विचारलेले नाही. यंत्राच्या मर्यादा सांगताना आपल्या अनुपस्थितीचा हिशेब द्यावयाचा राहून जातो, आणि हा दोष लेखकाप्रमाणे आम्हां धर्मगुरूंच्याही पदरी आहे.

मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, म्हणून यंत्र हवे, असा युक्तिवाद केला जातो. टंचाई खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारपरत्वे, उपचारापासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. परंतु अशा टंचाईत काय करावे, याचा एक धडा खुद्द भोपाळ शहरानेच दिला आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. सर्वांचे लक्ष डोळ्यांकडे व फुप्फुसांकडे लागले होते. १९८५ च्या आरंभी लखनौच्या मानसोपचारतज्ज्ञांनी दहा दवाखान्यांतील ८५५ रुग्ण तपासले, तेव्हा २२.६ टक्के रुग्णांत मानसिक विकार आढळले. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ शहरात नव्हते. मग डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनाचे दुःख ओळखण्याचे व ऐकून घेण्याचे शिक्षण दिले. ऐकणारे कमी पडले, तेव्हा ऐकण्यास पर्याय न शोधता ऐकणारे वाढविण्यात आले.

ख्रिस्तसभेस मात्र पर्यायाचा मोह झालेला दिसतो. २०२४ साली स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील एका चॅपेलमध्ये पापनिवेदनकक्षात प्रभू येशूच्या रूपाने बोलणारे यंत्र बसविण्यात आले. हे पापनिवेदन नव्हे, असे आयोजकांनी स्पष्ट केले होते. तरी कित्येकजण आपले अंतःकरण तेथे मोकळे करून गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचे यंत्र आणले आणि ते पापक्षमाही देऊ लागल्यावर काही दिवसांतच त्याचे धर्मगुरूपद काढून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या निवेदनात, यंत्रास व्यक्ती म्हणून पुढे करणे नेहमीच टाळावे, असे बजावले आहे, ते याच कारणाने.

आमच्या मते या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवर सापडते. खिन्न शिष्यांसोबत चालणाऱ्या त्या अनोळखी वाटसरूने प्रथम त्यांचे सारे ऐकून घेतले. मग त्यांच्या मंदबुद्धीबद्दल त्यांना स्पष्ट शब्दांत दोष दिला. आणि अखेरीस तो त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पंक्तीस बसला. ऐकणे, हरकत घेणे आणि सोबत बसणे या तिन्ही मिळून सांत्वन होते. सोबती-यंत्र पहिल्या गोष्टीचा आभास निर्माण करते, दुसरीत कचरते आणि तिसरी त्याला कधीच साधणार नाही, कारण त्याला देह नाही. देवाचा शब्दही केवळ शब्द राहिला नाही, त्याने देह धारण केला, ही तर आपल्या श्रद्धेची कोनशिलाच होय. देह असणे म्हणजे थकणे, झोप येणे, घड्याळाकडे लक्ष जाणे. आणि तरीही बसून राहणे. दुःखी माणसाला धीर येतो तो या बसून राहण्याने.

म्हणून वायझेनबाउम यांचा ग्रंथ आपल्या भावी धर्मगुरूंनी अवश्य वाचावा, पण तो मिटल्यावर यंत्राला दूषणे देऊन थांबू नये. प्रत्येक धर्मग्रामात आठवड्यातील काही तास केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवलेले व सर्वांस ठाऊक असलेले असावेत. प्रापंचिकांपैकी निवडक स्त्रीपुरुषांस ऐकण्याचे व धोक्याची चिन्हे ओळखण्याचे शिक्षण द्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखविला, तर त्याला एकटे न सोडता तज्ज्ञाकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मंदिराच्या दारावर लावावा. तेथे रात्रंदिवस विनामूल्य माणूस बोलतो, मराठीतही आणि हिंदीतही. आणि त्या तरुणाने आमच्यावर ठेवलेला आरोप आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःस लावून पाहावा. तो खोटा आहे, असे आम्हांस तरी म्हणता आले नाही.