छायाचित्रांतील हुरहुर

वाङ्मयाचा एखादा नवा प्रकार रूढ होऊं लागला म्हणजे त्याची दखल वाचक आधीं घेतात आणि टीकाकार मागाहून घेतात, असा आपल्याकडील अनुभव आहे. अलीकडे असाच एक प्रकार पुष्कळांच्या आवडीचा झाला आहे. आजोळच्या ओटीवरील झोपाळा, आईचा मिसळणाचा डबा, गांवची बुजत चाललेली विहीर, कौलें उडालेली प्राथमिक शाळा, अशा जिव्हाळ्याच्या वस्तूचें किंवा स्थळाचें छायाचित्र घ्यावयाचें, त्याखालीं चार ओळी लिहावयाच्या आणि तें इतरांपुढें ठेवावयाचें. खिशांतल्या फोनमध्येंच कॅमेरा येऊन बसल्यापासून हें काम कोणासही साधण्यासारखें झालें आहे. अशा चित्रांचें कौतुक उदंड होतें. त्यांचें परीक्षण मात्र फारसें कोणी करीत नाहीं. ‘ज्याची त्याची आठवण, तिच्यांत बरेंवाईट काय पाहावयाचें?’ असें म्हणून आपण पुढें जातों. परंतु जी गोष्ट चारचौघांपुढें ठेवली ती रसिकाच्या कसोटीस लागलीच. माझ्या आईचा डबा मला प्रिय असेल. तो पाहून परक्याचें मन कां हलावें, आणि पुष्कळदां तें कां हलत नाहीं, हा प्रश्न टीकेचाच आहे.

या भावनेस आपल्याकडे ‘स्मरणरंजन’ व ‘गतकातरता’ अशीं दोन नांवें आहेत, आणि दोहोंत मोठें अंतर आहे. पहिल्यांत आठवणीनें होणारी करमणूक आहे, दुसऱ्यांत आठवणीनें होणारी जखम आहे. युरोपांत योहानेस होफर यानें १६८८ सालीं बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधांत ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला, तेव्हां त्याच्यापुढें घरच्या ओढीनें आजारी पडणारे लोक होते. घरीं परतणें आणि वेदना या अर्थांचीं दोन ग्रीक पदें त्या शब्दांत एकत्र आलीं आहेत. आमच्या सासुरवाशिणींस अशा नांवाची गरज पडली नाहीं. माहेराचें चित्र त्यांच्याजवळ नव्हतें. हाताशीं जातें होतें आणि ओठांवर ओवी होती. हेमा राईरकर व गी पॉइटेविन यांनीं गांवोगांव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. वस्तु आणि शब्द यांची जोड ही आपल्या हुरहुरीची जुनी रीत आहे, एवढें त्या संग्रहावरून सहज ध्यानांत येतें.

चित्र पाहून गतकाल जागा होण्याचा प्रसंगही आपल्या परंपरेस नवा नाहीं. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत राम, सीता व लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याचीं चित्रें पाहतात. त्या प्रवेशांत भवभूतीनें तीन गोष्टी दाखविल्या आहेत, आणि त्या तिन्ही आजच्या छायाचित्रांस लागू पडतात. पहिली ही, कीं चित्र स्वतः बोलत नाहीं. त्या प्रसंगांतून गेलेला लक्ष्मण बोट ठेवून सांगतो, तेव्हां तें बोलूं लागतें. दुसरी ही, कीं सांगणारा कांहीं तरी गाळतो. सीता, मांडवी, श्रुतकीर्ति यांस दाखवून लक्ष्मण संकोचानें ऊर्मिलेवरून पुढें सरकतो, आणि ‘ही कोण?’ असें सीतेस थट्टेनें विचारावें लागतें. तिसरी गोष्ट फार दारुण आहे. चित्रें पाहून सीतेस तीं वनें आणि ती भागीरथी पुन्हां पाहण्याची इच्छा होते, आणि लोकापवाद कानीं येतांच तीच इच्छा तिच्या त्यागाचें निमित्त होऊन बसते. गतकालाची ओढ ही निरुपद्रवी भावना आहे असें मानणाऱ्यांनीं हा अंक पुन्हां एकदां वाचावा.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर डबा, झोपाळा, विहीर हीं उद्दीपनें होत. आलंबन असतें तें हरवलेलें माणूस. उद्दीपनावांचून रस मंद होईल, पण आलंबनावांचून तो उत्पन्नच व्हावयाचा नाहीं. आपल्या छायाचित्रांतील पुष्कळशीं फसतात तीं येथें. त्यांत उद्दीपन झगझगीत असतें, आणि ज्याच्यासाठीं डोळे भरावेत त्याचा मात्र कोठें पत्ता नसतो.

याचें कारण छायाचित्रणाच्या आपल्याकडील इतिहासांतही सांपडेल. ही कला मुंबईंत फार लवकर आली. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. पुढें शहरोशहरीं स्टुडिओ निघाले व मध्यमवर्गीय कुटुंबें तेथें जाऊं लागलीं. त्या काळच्या तसबिरी आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असतील. त्यांकडे जरा निरखून पाहावें. मागें रंगविलेला पडदा, त्यावर कमानी. शेजारीं उंच तिपाईवर फुलदाणी. आजोबा बसले आहेत ती कोरीव खुर्चीही स्टुडिओचीच. ज्या वस्तूंच्या संगतींत त्यांचें आयुष्य गेलें त्यांपैकीं एकही तेथें नाहीं. आजीचें जातें, आजोबांचा अडकित्ता, घरचा पाट हीं चित्रांत घेण्याच्या योग्यतेचीं कोणास वाटलींच नाहींत. छायाचित्र महाग होतें, आणि आपण आहों त्याहून बरें दिसावें यासाठींच तें काढून घ्यावयाचें असे. आज नातवंडें त्याच जात्याचें चित्र घेतात, हा रुचींत झालेला मोठाच पालट म्हटला पाहिजे. जुन्या तसबिरींत माणूस आपलें होतें व वस्तू परक्या होत्या. आतां वस्तु आपली असते आणि माणूस नसतें. त्या माणसाला हजर करण्याचें काम खालच्या चार ओळींवर येऊन पडतें.

स्थळांच्या चित्रांचा विचार करावयाचा तर वसईचें उदाहरण जवळचें आहे. गोमंतकीय डॉक्टर व इतिहाससंशोधक जेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई येथील इतिहास आणि अवशेष यांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यांत १७ छायाचित्रें घातलेलीं आहेत. वसईच्या किल्ल्यांतील पडकीं चर्चें चित्रांत पाहून कोणास काय आठवावें? १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकली, आणि १८०२ सालच्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें वसईसच इंग्रजांशीं तह केला. मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमानी त्या भिंतींत विजय पाहतो, आणि लागलीच तहाचें शल्यही त्याला टोंचतें. वसईच्या ख्रिस्ती रहिवाशाच्या कानीं त्याच भिंतींतून पूर्वजांची प्रार्थना येते. चित्र एकच, दगड तेच. हुरहुर मात्र दोन घरांची. काय पडलें हें छायाचित्र अचूक सांगतें. कोणाचें पडलें हें सांगण्याची शक्ति त्याच्या ठायीं नाहीं.

आमची सातिवली या किल्ल्यापासून फार दूर नाहीं. ती लोहमार्गाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडल्या बाजूस आहे. तिला किल्ला नाहीं व तिच्या भाग्यीं द कुन्हांसारखा ग्रंथकारही नाहीं. शेतें होतीं तेथें कारखान्यांचे गाळे उभे राहिले. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि पत्त्याच्या ओळीही बदलल्या. अशा ठिकाणीं स्मरणाचें छायाचित्र कसें असावें, हें पाहण्याकरितां मीं गेल्या वर्षीं वर्गांतील मुलांस एकेक छायाचित्र व त्याखालीं थोडा मजकूर लिहून आणावयास सांगितलें. एकानें समईचें चित्र आणलें. समई घासून लख्ख केलेली, मागचें सारें धूसर, आणि खालीं ‘आमची अनमोल परंपरा’ एवढेच शब्द. डोंगराकडल्या एका पाड्यावरील मुलीनें आणलेल्या चित्रांत एका गाळ्याची सिमेंटची भिंत होती व भिंतीपुढें उभा असलेला टेंपो होता. खालीं लिहिलें होतें: ‘येथें आमचें खळें होतें. आजी आधीं वारा कुठून येतो तें बघायची, मग सूप उचलायची.’

या दोन चित्रांतील अंतर म्हणजे या प्रकाराचें सर्व काव्यशास्त्र होय असें मला वाटतें. समई सुंदर होती, पण ती कोणत्याही घरची असूं शकली असती. भिंतींत पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. तरी ती ओळ वाचतांच आम्ही सर्वांनीं त्या सिमेंटवर भाताचा तूस उडतांना पाहिला. तेथें ‘परंपरा’, ‘वारसा’, ‘सोनेरी दिवस’ यांपैकीं एकही शब्द नव्हता. वाऱ्याची दिशा पाहणारी एक म्हातारी होती, आणि तेवढें आलंबन पुरेसें झालें. शिवाय त्या मुलीनें टेंपो चित्राबाहेर ठेवला नाहीं. काल काय होतें हें सांगतांना आज काय आहे हें लपविलें नाहीं, म्हणूनच तिच्या कालच्या गोष्टीवर आपला विश्वास बसतो.

परदेशांतील दोन उदाहरणें या विचारास बळ देतात. इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकर्तीची आई २००० सालीं वारली. आईच्या मागें राहिलेल्या वस्तूंचीं, म्हणजे वापरून झिजलेल्या लिपस्टिकचीं, अंतर्वस्त्रांचीं, केसांच्या ब्रशाचीं तिनें चित्रें घेतलीं, आणि २००५ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत तीं जपानतर्फे मांडलीं गेलीं. त्यांत एकही वस्तु सजविलेली नाहीं. अंगाचा झालेला उपयोग तिच्यावर उमटलेला आहे. दुसरें उदाहरण रोलां बार्थ या फ्रेंच टीकाकाराचें. छायाचित्रावरील त्याच्या १९८० सालच्या ग्रंथाचा गाभा म्हणजे त्याच्या आईचें लहानपणचें एक चित्र. आणि नेमकें तेंच त्यानें ग्रंथांत छापलें नाहीं. वाचकास तें हजारों चित्रांसारखेंच एक वाटेल, असें त्याचें म्हणणें होतें. एकीनें वस्तु दाखवून आई हजर केली. दुसऱ्यानें चित्र झांकून ठेवून, केवळ शब्दांनीं ती हजर केली.

आपल्याकडे मात्र चित्र सजविण्याचा हव्यास वाढत आहे. कालच घेतलेल्या छायाचित्रास पिवळट रंग चढवून तें पन्नास वर्षांपूर्वींचें भासवावयाचें, विजेच्या तारा पुसून टाकावयाच्या, जातें धुवून त्यावर झेंडूचीं फुलें ठेवावयाचीं! जात्याची खरी आठवण त्याच्या खुंट्यांत असते. तीन पिढ्यांच्या मुठींनीं तो गुळगुळीत झालेला असतो. पहाटे उठून दळणारीचे खांदे दुखत, हें ज्या चित्राला ठाऊक नाहीं त्याला जात्याबद्दल बोलण्याचा अधिकार नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचें नांवच ‘स्मृतिचित्रें’ आहे. त्यांत वडिलांच्या सोवळ्याचें वेड आहे, संसारांतली ओढाताण आहे, नवऱ्याचा लहरीपणा आहे. सारें हंसत सांगितलें आहे आणि कशालाही मुलामा दिलेला नाहीं. गतकाल प्रिय असावा, पण त्याला गोड करण्याचें कारण नाहीं, हा धडा त्या पुस्तकानें कधींच घालून दिलेला आहे.

आतां ऊर्मिलेकडे वळूं. अनुषा यादव यांनीं २०१० सालीं सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ घरोघरचीं जुनीं छायाचित्रें त्यांच्या हकीकतींसह जमवितो. २०१७ पासून ‘म्युझियम ऑफ मटीरिअल मेमरी’ हा संग्रह घरच्या वस्तूंच्या कथा त्यांच्या चित्रांसह मांडीत आहे. वस्तूमागें सांगणारा हवा हें तत्त्व दोन्ही ठिकाणीं पाळलेलें आहे, आणि हें काम मोलाचें आहे. परंतु त्यांची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. आणि ज्यांच्या घरीं पेटारे होते, जपून ठेवण्याजोगें कांहीं होतें, त्यांनाच अशा संग्रहांत सहज जागा मिळते. ज्या घरांत मडकें फुटलें कीं टाकलें जाई आणि सूप झिजलें कीं चुलींत जाई, त्या घरांनीं काय दाखवावें? वाड्याच्या चौकाचें चित्र नातू हौसेनें घेतो. त्या चौकांत भात आणून ओतणाऱ्या कुळाची आठवण त्या चित्रांत कोठें असते? लक्ष्मणाचें गाळणें लाजेचें होतें, तें क्षम्य आहे. आपलें गाळणें संवयीचें आहे, आणि आपल्या चित्रांस ‘ही कोण?’ असें विचारणारी सीता क्वचितच भेटते. टीकाकारानें तें काम पत्करलें पाहिजे. पाड्यावरील त्या मुलीजवळ वस्तु नव्हती, स्थळही उरलें नव्हतें. तरी तिच्या हातून या प्रकारांतील उत्तम कृति झाली, ही गोष्ट आपणां सर्वांस आशा वाटावी अशी आहे.

त्याच वर्गांत एका मुलानें लोखंडी पेटीचें चित्र आणलें होतें. वडील कामधंद्यासाठीं उत्तरेकडून सातिवलीस आले ते ही पेटी घेऊन. झाकणावर पांढऱ्या रंगांत त्यांचें व त्यांच्या गांवाचें नांव आहे. मुलानें तें गांव एकदांच पाहिलें आहे. त्याचें बालपण गाळ्यांच्या रांगांमधल्या बोळांत, यंत्रांच्या आवाजांत गेलें. आज ज्या भिंतीनें एकीचें खळें झांकलें, तीच भिंत आणखी तीस वर्षांनीं दुसऱ्याचें आजोळ होणार आहे. तेव्हां ज्यांस सातिवलीचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आहेत त्यांनीं विहिरी व चिंचा यांबरोबर ते गाळे, ते टेंपो, ती दुपारच्या सुटींत भरणारी चहाची टपरीही चित्रांत घ्यावी. आणि प्रत्येक चित्राखालीं साल, ठिकाण, आणि त्या वस्तूवर ज्याचा हात फिरला त्या माणसाबद्दल निदान एक खरें वाक्य लिहून ठेवावें. रंग चढविण्याचें काम काळ आपण होऊन करील.