जोतीरावांचा अर्ज आणि आपला अर्ज

साहित्य संमेलनाचा विषय निघाला की आपली पोरं जोतीरावांचं १८८५ चं पत्र काढतात. काढलंच पाहिजे. पुण्यात ग्रंथकारांची सभा भरत होती, न्या. रानड्यांनी जोतीरावांना बोलावणं धाडलं आणि जोतीरावांनी येत नाही म्हणून कळवलं. त्या पत्रात सभेतल्या मंडळींना त्यांनी जे नाव ठेवलं ते आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ते भिंतीवर लिहून झालं, पोस्टरवर छापून झालं, भाषणात तर किती वेळा आलं त्याची मोजदाद नाही. पण ते पत्र पुरतं वाचलेला कार्यकर्ता क्वचित भेटतो. आणि त्या पत्राच्या तीस वर्षं आधी जोतीरावांनी स्वतः एक अर्ज केला होता, याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

मला त्या अर्जाबद्दल बोलायचं आहे. कारण यंदा केज, धारूर, वडवणीकडची आपली सात-आठ पोरंपोरी एका मोठ्या संमेलनाच्या कविसंमेलनाचे अर्ज घेऊन आली आणि विचारू लागली, “दादा, भरावा का?” त्यावर आपल्याच मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, सवर्णांच्या दारात कशाला जाता. दुसरा म्हणे, जा, नाव होईल. हे दोन्ही तट मला चुकीचे वाटतात. दोघांनीही अर्ज वाचलेला नाही.

आधी १८५५ चं सांगतो. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी पुढं त्या पैशातून ग्रंथांना बक्षिसं द्यायची सोय केली आणि त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी बसवली. अठ्ठावीस वर्षांच्या जोतीरावांनी या कमिटीकडं आपलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं. एक जोशी, एक कुणबी, कुणब्याची गरोदर बायको. जोशी ग्रहांची भीती घालून त्या नवराबायकोला कसा कर्जात लोटतो, ते नाटकात टप्प्याटप्प्यानं दाखवलं आहे. विदूषक मधेमधे सगळ्यांची सालं काढतो. शेवटी ते नवराबायको जोतीराव-सावित्रीच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. कमिटीत भट सभासद होते आणि त्यांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, म्हणून नाटक नापसंत झालं, हे जोतीरावांनीच लिहून ठेवलं आहे. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. अर्ज केल्यापासून एकशे चोवीस वर्षं.

आता यातली गोम बघा. कमिटीत कोण बसलंय हे जोतीरावांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ज्या पैशावर ती कमिटी उभी होती तो पैसाच दक्षिणेचा. तरी त्यांनी अर्ज केला, आणि जोशाच्या भामटेगिरीवरचं नाटक त्याच कमिटीच्या टेबलावर ठेवलं. कमिटीला चालेल असं दुसरं काहीतरी, एखादं नीतिपर पुस्तक किंवा भाषांतर, त्यांना लिहिता आलं नसतं का? तशा पुस्तकांना तेव्हा बक्षिसं मिळत होती. सार्वजनिक पैशावर हक्क सांगायचा आणि संहितेतला शब्द हलवायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकदम केल्या. आपल्या दोन तटांकडं यातली एकेकच गोष्ट आहे.

आता आजचा अर्ज. समीक्षा पुस्तकाचीच करायची असा काही नियम नाही. अर्ज हीसुद्धा एक संहिता आहे. तो कुणीतरी, कुणालातरी डोळ्यापुढं धरून लिहिलेला असतो. माझ्यापुढचा अर्ज कुठल्या संमेलनाचा ते सांगत नाही, कारण दोन-चार जुळवून पाहिले तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे ते आहेत.

शिक्षण, नोकरी-व्यवसाय, प्रकाशित पुस्तकं, पुरस्कार हे रकाने मी सोडून देतो. त्यांच्यावर बोलायला फार अक्कल लागत नाही. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले होते, एवढं म्हटलं तरी पुरे. बेबीताई कांबळ्यांनी फलटणला ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. पुस्तक निघालं १९८६ ला. तोवर ‘प्रकाशित पुस्तकं’ या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असतं? निरंक.

मला थांबवलं ते ‘परिचय’ या रकान्यानं. शंभर शब्दांत, तृतीयपुरुषी, अशी सूचना आहे. म्हणजे काय, तर आपणच आपल्याबद्दल ‘ते एक संवेदनशील कवी आहेत’ असं लिहायचं. कोयत्यावर जाणाऱ्या एका पोरीनं तिथं मपलं गाव अमुक, मी आईबापासोबत ऊस तोडते, अशी सुरुवात केली होती. सोबतच्या शिकलेल्या पोरानं ते खोडून ‘त्या ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण करतात’ असं केलं. पोराचा हेतू चांगलाच होता. पण काय झालं बघा. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि मराठीत ‘मी’ या शब्दाचं वजन बदललं. तोवर आमच्याबद्दल दुसरे लिहीत. दयाळूपणे लिहीत, रडून लिहीत, पण ‘तो’ आणि ‘ती’ म्हणून लिहीत. दलित साहित्यानं जी गोष्ट भांडून मिळवली ती हाच प्रथमपुरुष. आणि अर्जातली सूचना तो प्रथमपुरुष दारातच चपलांसारखा काढून ठेवायला सांगते. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसेल. पत्रिका छापायला सोयीचं पडतं म्हणून लिहिली असेल. पण जी सोय लावतो त्याचं व्याकरण चालतं.

दुसरी जागा हमीपत्राची. ‘माझ्या कवितेमुळं कोणत्याही व्यक्तीच्या वा समाजाच्या भावना दुखावणार नाहीत’ असं लिहून खाली सही. वाचून हसू आलं. ‘तृतीय रत्न’ला अशी हमी जोडता आली असती का? नामदेव ढसाळांनी १९७२ ला ‘गोलपिठा’ काढताना कुणाला कसली हमी दिली होती? दुखावणं हे आपल्या कवितेचं उद्दिष्ट नाही हे खरं, पण जिथं जखम आहे तिथं हात लागल्यावर कुणीतरी ओरडणारच. त्या ओरडण्याची जबाबदारी आधीच कवीच्या गळ्यात घालायची, ही या हमीपत्राची युक्ती. आणि एवढं करूनही दार उघडंच राहील असं नाही. २०१९ ला यवतमाळच्या संमेलनात उद्घाटनाला नयनतारा सहगलांना बोलावलं आणि नंतर ते बोलावणं परत घेतलं. त्यांना तर अर्जही भरायचा नव्हता.

पण या रकान्यांनी आणि हमीपत्रांनी जे खरं नुकसान केलं ते मला पोरांच्या कवितांत दिसलं. धारूरकडच्या एका पोराकडं दोन कविता होत्या. एक पावसावर, एक हापशावर. पावसाची कविता म्हणजे माय, माती, ढेकूळ, मोर, सगळं आलेलं. अशा कवितेवर कविसंमेलनात टाळ्या ठरलेल्या असतात, आणि तिच्यात त्या पोराचं स्वतःचं एक अक्षर नाही. हापशाच्या कवितेत रांग आहे, कुणाची घागर आधी आणि कुणाची कुठं ठेवायची ते आहे, वरच्या आळीतली बाई आली की दांडा धुऊन घेते ते आहे. शेवटी त्यानं चार ओळींची घोषणा चिकटवली आहे, ती कच्ची आहे, कविता दांडा धुण्यावरच थांबायला पाहिजे. ते मी त्याला सांगितलं. तरी कविता तीच आहे. अर्जाला त्यानं कुठली जोडली? पावसाची. कुणी सांगितलं नव्हतं. अर्ज वाचून त्याला आपोआपच कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं की, अर्ज भरा. ही संमेलनं सरकारी अनुदानावर उभी राहतात आणि अनुदान आता कोटींत गेलं आहे. तो पैसा कुणा एका आळीचा नाही. चवदार तळं सार्वजनिक होतं म्हणूनच १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. पाणी गोड आहे म्हणून गेले नव्हते. पण हापशाची कविता जोडा, परिचय ‘मी’नं सुरू करा, आणि हमीपत्रावर आडवी रेघ मारून खाली सही करा. नापसंत झालं तर नापसंतीचं पत्र मागा. देणार नाहीत, पण मागितल्याची पोच ठेवा. पुढं कुणाला तरी ती लागेल.

आता १८८५ च्या पत्राकडं येऊ. १८५५ च्या अर्जाशेजारी ठेवलं की ते निराळं दिसतं. दार न उघडलेला माणूस रुसून बसला, असं ते पत्र नाही. त्यात आरोप आहे तशीच अटही आहे. जे लोक माणसाचे हक्क सगळ्यांना राजीखुशीनं, उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ आमच्या सभा-पुस्तकांशी बसत नाही. आम्ही काय सोसलं ते न सोसणाऱ्याला कळत नाही. एकी पाहिजे असेल तर कायमची टिकेल अशी शोधा. असा एकूण आशय आहे. शिवीपेक्षा हे पुष्कळ अवघड आहे, कारण शिवी ऐकून समोरचा निघून जातो, आणि अट पूर्ण करेपर्यंत तो अडकून राहतो. २०२१ ला यशवंत मनोहरांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला तेव्हा मंचावरच्या सरस्वतीच्या प्रतिमेचा मुद्दा काढला. तीही अटच होती.

आणि जोतीरावांना सभेची गरज का वाटली नाही, तेही बघा. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. छापायच्या आधी त्यातले भाग त्यांनी जुन्नर, ओतूर, हडपसर असल्या गावांत शेतकऱ्यांसमोर वाचून दाखवले. ज्यांच्याबद्दल लिहिलं तेच ऐकायला बसलेले. त्यांची ग्रंथकार सभा तिथंच भरून गेली होती.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर अखिल भारतीय संमेलन १९८३ ला अंबाजोगाईला भरलं होतं, मुकुंदराजाच्या गावी. पाच वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात नामांतराच्या ठरावावरून वस्त्या जळाल्या होत्या, आणि नाव मिळायला १९९४ उजाडायचं होतं. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. पुढच्या साली जळगावला शंकरराव खरात. दोघंही माणदेशातले, माडगुळं आणि आटपाडी शेजारशेजारची गावं. एकाच मुलखातले दोन लेखक, पण खरातांचा बाप तराळकी करणारा. १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार सभेपासून मोजलं तर दलित लेखक अध्यक्ष व्हायला एकशे सहा वर्षं लागली. माडगूळकर चांगले लेखक होते, त्याबद्दल वाद नाही. पण माणदेश चावडीच्या कुठल्या बाजूनं बघायचा, हे खरातांचं ‘तराळ अंतराळ’ वाचल्याशिवाय कळत नाही.

आता जरा आपल्या घरात. दलित साहित्याचं पहिलं संमेलन १९५८ ला मुंबईत भरलं, उद्घाटक अण्णाभाऊ. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’चे मेळावे भरवले, त्याचं नाव ‘लेखक-वाचक मेळावा’. लेखकाच्या बरोबरीनं वाचक नावातच बसवला. १९९९ ला धारावीत पहिलं विद्रोही संमेलन झालं, बाबुराव बागूल अध्यक्ष, आणि मूठभर धान्य नि एक रुपया असं घरोघर मागून उभं केलेलं. एवढं सगळं आपल्या मागं असताना, अलीकडं आपल्याच एका संमेलनाचा अर्ज हाती आला तर त्यात तेच रकाने, तेच शंभर शब्द तृतीयपुरुषी, आणि वर परत न मिळणारं प्रतिनिधी शुल्क. फक्त माथ्यावर सरस्वतीऐवजी बाबासाहेबांचा फोटो. बायकांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर एक परिसंवाद. हे कुणाकडून शिकलो आपण?

आणि तारीख. संमेलनं भरतात ती जानेवारी-फेब्रुवारीत. त्या वेळी बीड जिल्ह्यातली लाखो माणसं, वंजारी, बंजारा, मांग, बौद्ध, मराठा, उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. वाढं बांधायची, मोळ्या वाहायच्या, पहाटे गाडी भरायची. ती अर्ज भरणारी पोरगी सोबत वही नेते आणि कोपीत लिहिते. अर्जात कायमचा पत्ता मागितला होता. सहा महिने तो पत्ता कुलूपबंद असतो, पत्र गेलं तर दाराच्या फटीत पडून राहतं. तिच्याबद्दल कविता वाचणारे दहा जण मंचावर असतील आणि ती स्वतः त्या दिवशी फडात असेल. सवर्णांच्या संमेलनाला हे सुचलं नाही हे समजू शकतो. आपल्याला का सुचू नये?

टोळ्या पाडव्याच्या मागंपुढं परतू लागतात. ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची. मधले दोन दिवस धरून जिल्ह्याचा मेळावा ठेवावा, अर्ज-बिर्ज नको, आलेल्याचं नाव दारात वहीत लिहून घ्यावं. ऊन फार असतं, मंडपाला वर दुहेरी कापड लागेल, आणि पाण्याचे टँकर आधीच सांगून ठेवावे लागतील. वर्गणीचा आकडा तो खर्च धरून काढा.