पडक्या घरापुढच्या कविता

या अंकासाठी ज्या कविता आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त कवितांत कवी गावाकडं जातो. एस.टी.तून उतरतो, पडकं घर बघतो, आईची चूल आठवते, डोळे भरतात. खलास. दोस्तांनो, राग मानू नका, पण हे डोळे भरणं उसनं वाटतं.

ही रीत वाड्यातून आलीय. माजघर, ओटी, परसातला प्राजक्त यांवर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं. वाईट लिहिलं असं मी म्हणत नाही. वाडा बापजाद्यांचा, त्यामुळं आठवणीत शिरताना त्यांना कुणी अडवलं नाही. तोच साचा महारवाड्यावर बसवला की आपलं घर नेमकं कुठं होतं, हेच गळून पडतं. गावाच्या कुठल्या अंगाला? पाणी कुणाच्या ओंजळीतून? बाप वतनाची चाकरी करायचा म्हणून ती जागा. बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात आणलं, आणि वतन रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. मधली तीस वर्षं राबण्यात गेली, त्यातलं काही या चुलीच्या धुरात दिसत नाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात धामणगाव आहे, मुंबईतला कावाखाना आहे, पण परत जाणं सरळ नाही. दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलासवरला दया पवार ऐकतो. माणूस एकच. पांढरपेशा झालेल्या स्वतःला उंबऱ्याबाहेर बसवल्याशिवाय त्या घरात शिरता येत नाही, हे या लेखकाला कळलं होतं. घरातला उकिरडा चव्हाट्यावर कशाला, असं तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारलं. त्यांची लाज मला समजते, पटत नाही.

आणि आई. आपल्या पोरांच्या कवितेत ती नुसती भाकरी थापते. ती जेवली का? तिच्यावर हात कोण टाकायचं? बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये हे सांगितलं, मारणारा घरातलाच होता हेही लपवलं नाही. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई म्हणजे सतत बांबू विणणारे हात. त्या हातांवर घर चालायचं. तिथं आईची पूजा नाही, तिच्या कामाचा हिशेब आहे. या बायांची पुस्तकं आपले कवी वाचतात का, मला शंका आहे.

मी स्वतः मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. भिंत कमरेएवढी उरलीय, आत एरंड उगवलाय. कोनाडा मात्र शाबूत. तिथं आई रॉकेलची चिमणी ठेवायची, त्याची काजळी अजून आहे. बोट फिरवून बघितलं.

जाताना वाट चुकलो होतो. इतक्या वर्षांनी गावाचा चेहरा बदललेला. दुकानात विचारलं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, आमच्या वस्तीलाही पाटी लागलीय. चांगलंच झालं. दुकानदार म्हणाला, “समतानगरात जायचंय का? मग तिकडं, खालच्या अंगाला.” नाव नवं, बोलणंही गोड. हात मात्र माझ्या लहानपणी दाखवायचे तिकडंच गेला. आणि सुटे पैसे त्यानं हातावर न देता काउंटरवर ठेवले. सवय असेल, नसेल.

घरी येऊन लिहायला बसलो. कोनाडा लिहिला की दुकानदार सुटतो, दुकानदार लिहिला की आईची चिमणी विझते. चार कागद फाडले. म्हणून तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला फारसा अधिकार नाही, हे कबूल.

तरीही आलेल्यांतली एकच कविता छापतोय. तीत भाऊ पडक्या दारात उभा राहून बहिणीला विचारतो, मी शाळेत होतो तेव्हा तू कुणाच्या रानात खुरपत होतीस? बाकीच्या कविता परत पाठवल्यात. पुन्हा लिहून पाठवा.